घर विकणे आहे, चालू स्थितीत

"समुद्राची गाज ऐकत शंभराहून अधिक पावसाळे पाहिलेलं, आठवणींनी गजबजलेलं कौलारू घर..."

एवढं वाचून झालं आणि काकूने हात वर केला. हाताला खोबरेल, पुढ्यात अर्धा कापा फणस, बोटांना चिकाचे धागे.

"पावसाळे कौलांनी पाहिले, ते ठीक. आठवणी कशाला घालतेस? त्यांचं खरेदीखत कोण करणार?"

"जाहिरात अशीच असते, काकू."

"ह्यांनी पंप विकला तेव्हा पेपरात दोन ओळी दिल्या होत्या. पाच अश्वशक्तीचा पंप विकणे आहे, चालू स्थितीत. तिसऱ्या दिवशी माणूस दारात."

"पंप आणि घर सारखं?"

"घेणारा दोन्हीत एकच बघतो. चालतं की नाही."

गेल्या वीस वर्षांत मी पुण्यात बसून बिल्डरांची बरीच माहितीपत्रकं लिहिली. 'निसर्गाच्या कुशीत' हे दोन शब्द मी इतक्या वेळा विकलेत की निसर्गाने माझ्याकडून भाडं मागावं. त्यामुळे 2025 च्या मे महिन्यात दादाने फोन करून "घराची जाहिरात तूच लिही" म्हटलं, तेव्हा मला वाटलं, एका दुपारचं काम. घर दापोली तालुक्यातलं, आंजर्ल्याच्या अलीकडे की पलीकडे ते मोघमच ठेवते. घर अजून जायचं आहे आणि काकूला फुकटचे चौकशीखोर नकोत. आप्पाकाका जाऊन सहा वर्षं झाली. काकू एकोणऐंशी वर्षांची. तिने दापोलीत तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट ठरवून टाकलाय, डॉक्टर चालत पाच मिनिटांवर. घर विकायला ती तयार आहे, किंबहुना घाईत आहे. तयार नाही ती मी. मी या घरात सगळी मिळून फार तर दोन वर्षं राहिले असेन, मे महिन्यांची बेरीज केली तर.

तेव्हा हा संवाद मुळातच उलटा आहे. राहिलेली बाई विकायला निघाली आहे आणि सुट्टीवर येणारी अडून बसली आहे.

"सालचं काय करू? 1865 टाकते."

"कुठून आणलंस?"

मी सकाळी माळ्यावर चढून कौलाच्या पोटाचा फोटो काढला होता. ठसठशीत अक्षरं: बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. जाहिरातीला याहून चांगली ओळ मिळाली नसती.

"ते कारखान्याचं साल," काकू गरा सोलता सोलता म्हणाली. "साबणाच्या वडीवर कंपनीचं जन्मसाल असतं, म्हणून साबण तेव्हाचा होतो काय?"

ती म्हणते ते बरोबर होतं. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस पाद्र्यांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली, आणि पुढे कित्येक वर्षं निघालेल्या कौलांवर तेच साल उमटत राहिलं. आमची कौलं काकूच्या सासऱ्यांच्या वडिलांनी आणली. गलबतातून हर्णै बंदरात, तिथून बैलगाडीने. त्याआधी घरावर कुंभाराचे नळे होते आणि नळ्यांच्या आधी गवत.

"छप्पर तीनदा बदललं. मागची भिंत दोनदा. आता घर कुठल्या सालचं, ते तूच ठरव."

मला हे रुचलं नाही, पण डोक्यातून जाईना. ज्या कौलांना मी 'मूळ' समजत होते, ती त्या काळची नवी टूम होती. परदेशी साच्यातली, यंत्रावर दाबलेली, बोटीने आलेली. आमच्या कुणा खापरपणजीने तेव्हा कपाळाला हात लावला असेल, की नळ्यांची सर काय या सपाट खापऱ्यांना!

मग मी भिंतीकडे वळले. भिंतीबाबत माझी बाजू भक्कम होती.

"भिंत दीड फुटी, चिऱ्याची. त्यावर दादाने 1994 साली सिमेंटचा गिलावा मारला. तो गुन्हा होता, काकू."

"गुन्हा?"

"चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर कडक होतो. अंगभर भोकं. पाणी पितो आणि वाळतो. चुन्याच्या दर्जा होत्या तोवर भिंत पावसात भिजायची, दिवाळीपर्यंत वाळायची. सिमेंटने पाणी आत कोंडलं. म्हणून तर दरवर्षी पापुद्रे सुटतात." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी बुकाननही सांगितला. फ्रान्सिस बुकानन नावाच्या कंपनी सरकारच्या नोकरीतल्या डॉक्टराने मलबारात हा दगड विटेसारखा कापताना पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट म्हटलं.

"पापुद्रे सुटतात ते खरं," काकू म्हणाली. "जाहिरातीत लिही. त्या डॉक्टराने भोकांतले विंचू पाहिले होते का?"

"म्हणजे?"

"उघड्या चिऱ्यात विंचू राहतात. लाल. माझ्या धाकट्या नणंदेचा मुलगा, पाच वर्षांचा, भिंतीला हात लावून लपंडाव खेळत होता." तिने गऱ्यातली आठळी काढून परातीत टाकली. "रात्र नाही उलटली. तेव्हा औषधच नव्हतं."

महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन देऊन विंचूदंशाचे रोगी वाचवून दाखवले ते ऐंशीच्या दशकात. तोवर या पट्ट्यात विंचू चावला की मांत्रिक, नाहीतर नशीब. माझ्या वहीत 'उघड्या चिऱ्याच्या देखण्या भिंती, गिलावा काढल्यास' अशी ओळ होती. मी ती खोडली नाही, पण मोठ्याने वाचलीही नाही.

*

धुराचं भांडण मात्र दोन दिवस चाललं.

माजघरातले वासे किंजळीचे, खांब फणसाचे. वर पाहिलं की काळाभोर, तुळतुळीत उतार दिसतो, जसा काही कुणी शिसवी रंग चढवलाय. मी लिहिलं होतं: 'पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीने घडवलेलं काष्ठकाम.' काकूने ते दोनदा वाचायला लावलं.

"चुलीने घडवलं? चूल काय सुतार आहे?"

"धुराने लाकूड टिकतं. कीड लागत नाही. तुझ्याकडे गॅस आला 1991 ला. त्यानंतर दहा वर्षांत वाशांतून भुसा पडायला लागला की नाही?"

"पडायचा. पिठासारखा. सकाळी ताटं पालथी घालून ठेवली तरी कडेला रांगोळी."

"मग? धूर होता तोवर भुंगा नव्हता. कौलांच्या फटींतून धूर निघून जायचा, जाता जाता वासे राखायचा. जुन्या माणसांनी विचार केला होता. तू चूल बंद केलीस आणि घर किडलं."

काकूने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुकानात पोर चुकीचे पैसे मोजतं तेव्हा वाणी बघतो तसं.

"म्हणजे वाशांना धुरी मिळावी म्हणून मी आणखी तीस वर्षं फुंकणी फुंकायची होती."

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंस. बरं म्हटलंस, चुकीचं नाही. धुराने लाकूड टिकतं. पण फटींतून निघून जायच्या आधी धूर कुठून जायचा? सासूबाईंचे डोळे बारमाही लाल. माझा खोकला आश्विनात सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. पावसात सरपण ओलं, चूल पेटेना, आणि मामंजींना साडेपाचला चहा. गॅस आला त्या दिवशी मी काय केलं सांगू? शेगडी पेटवली आणि विझवली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझवली. हे ओरडले, सिलिंडर संपेल म्हणून."

मी गप्प. तरी वकिली सुटत नाही माणसाची. म्हटलं, वाशांचं काय मग?

"त्यांना काजूच्या टरफलांचं तेल. वर्षाआड. टाक लिहून, 'वाशांना काजूतेल, शेवटचा हात 2024.' घेणाऱ्याला उपयोगी पडेल. तुझं काष्ठकाम नाही पडणार."

खरं सांगायचं तर इथे मी हरले असं मला आजही वाटत नाही. धूर गेला, त्याच्या जागी दुसरी राखण उभी करायला मधली दहा वर्षं गेली आणि त्या दहा वर्षांत पूर्वेकडचे सात वासे पोकळ झाले. सोयी येतात तेव्हा त्या कुठल्या जुन्या सोयीच्या पोटावर पाय देतात हे कुणी बघत नाही. पण हे म्हणायला मला नाकात धूर गेलेला असायला हवा होता, तो गेलेला नाही. चुलीवरची भाकरी मी खाल्ली आहे, चूल फुंकलेली नाही.

जमिनीबद्दलही तेच झालं, थोडक्यात सांगते. 2004 साली माजघरात गुळगुळीत फरशी आली. मी सारवलेल्या जमिनीचं गुणगान केलं: पायाला गार, वासाला गोड. काकूने अडगळीतून चोपणं काढून माझ्या हातात दिलं. लाकडाचं, मूठ घासून बारीक झालेलं, वजन दोन-अडीच किलो तरी. माती आणायची, भिजवायची, ओणवं होऊन चोपायची, भेगा पडल्या की पुन्हा चोपायची, आणि मग वर्षभर सारवण. "दहा वेळा मार," ती म्हणाली. मी अंगणात सहा वेळा मारलं. फरशीच्या विरोधात माझ्याकडे एकच मुद्दा उरला होता, की जूनमध्ये ती घामेजते आणि 2019 ला काकू घसरून पडली.

"पडले ती दादाच्या चार्जरच्या वायरीत पाय अडकून. पण घामेजते हे खरं. लिही."

आत्तापर्यंत तिने जाहिरातीत घालायला सांगितलेल्या तीन गोष्टी: गिलाव्याचे पापुद्रे, वाशांचं तेल, घामेजणारी फरशी. अशा जाहिरातीवर मला कुणी नोकरीत ठेवलं नसतं.

*

ओटीवरच्या झोपाळ्याला पितळी कड्या आहेत. फोटोत तोच सगळ्यात छान येतो. काकू त्यावर पहिल्यांदा बसली ती 1987 साली, मामंजींचं वर्षश्राद्ध झाल्यावर. लग्नानंतर वीस वर्षांनी. "बसू नको असं कुणी म्हणालं नव्हतं," ती म्हणते. एवढंच.

माजघराच्या डाव्या हाताची खोली मी 'शांत, उबदार शयनकक्ष' केली होती. ती बाळंतिणीची खोली. दादा तिथे झाला, ताई तिथे झाली. खिडकी नव्हती. बाजेखाली शेगडी, दार लोटलेलं, आणि पावसाळा असला तर दुपट्यांना दमट वास. 1998 साली काकूने गवंडी बोलावून दीड फुटी भिंत फोडून घेतली आणि अडीच बाय तीनची खिडकी बसवली. त्या कामावर आप्पाकाका आठ दिवस रुसले होते, भिंत कमकुवत होईल म्हणून. खिडकीच्या वर काँक्रीटची तुळई आहे, जरा ओबडधोबड. गावातले लोक अजून तिला काकूची खिडकी म्हणतात.

आणि आता संडास. मी वहीत शेवटच्या ओळीत 'दोन आधुनिक स्वच्छतागृहे' असं उरकलं होतं.

"ते पहिल्या ओळीत घाल," काकू म्हणाली.

"पहिल्या ओळीत संडास?"

"पहिल्या ओळीत."

1967 साली ती नवी नवरी म्हणून आली तेव्हा सोय आगराच्या पार टोकाला होती, माडांच्या मागे, घरापासून शंभरेक पावलं. दिवसा ठीक. रात्री कंदील, पावसात डोक्यावर इरलं, आणि इरलं धरलं की कंदील धरायला हात उरत नाही. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वाटेवर माडाच्या झावळ्या पडलेल्या, झावळीखाली फुरसं. फुरसं वीतभर असतं, दिसत नाही, आणि सरकून जायच्याऐवजी तिथेच वेटोळं घालून अंग घासत बसतं.

"सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात काय शिकवलं असेल? पुरणपोळी? नाही. म्हणाल्या, चार वाजल्यानंतर पाणी पिऊ नये. मग रात्री उठावं लागत नाही."

"आणि प्यायलीस तर?"

"ह्यांना उठवायचं? ते उठायचे, वाईट नव्हते. पण मधल्या खोलीत मामंजी झोपलेले. त्यांच्या अंथरुणावरून जायचं. कडी काढली की ते विचारायचे, कोण आहे? मग उत्तर द्यायचं."

मागच्या पडवीजवळ सेप्टिक टँक झाला तो 1989 साली. मागणी तिने पहिल्यांदा केली तेव्हापासून मोजले तर चौदा वर्षांनी. घराला लागून असली घाण नको, असं मामंजींचं मत होतं आणि ते गेल्यावर दोन वर्षं ते मत घरात तसंच राहिलं, माणूस गेल्यावर त्याची काठी कोपऱ्यात राहते तसं. घराच्या आत, कोठीच्या खोलीत कमोड बसला 2012 ला, काकूच्या गुडघ्यांसाठी. कोठीची भिंत आणि देवघराची भिंत एक. गावात चर्चा झाली. भटजींनी सुचवलं की संडास पश्चिमेला हलवावा.

"मग?"

"देव हलवले. त्यांना गुडघे दुखत नाहीत."

*

चक्रीवादळाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती लांबवत नाही. 3 जून 2020, निसर्ग. दुपारपर्यंत अर्ध्या छपराची कौलं उडाली, आगरातल्या नव्वद पोफळींपैकी साठ आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. एकोणऐंशीच्या बाईने सहा-सात वर्षांचा हिशोब कसा मांडायचा, हेच बहुधा विकण्याचं खरं कारण आहे, जरी ती गुडघ्यांवर ढकलते. नंतर छपराखाली लोखंडी पाइप आले. मला ते बघवत नाहीत. काकू त्यांना हात लावून दाखवते.

कागदांच्या बाबतीत आम्ही दोघी एका मताच्या निघालो, नाइलाजाने. सात-बारावर तेरा नावं, त्यातली चार देवाघरी. तीन आत्यांची नावं नव्हतीच. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने हक्क दिला. 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की 2005 साली बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्माचा. आमच्या घरात कोणाचा नेमका किती हिस्सा निघतो ते वकील पाहतोय. दादा म्हणत होता, आत्या काही मागणार नाहीत, हक्कसोडपत्रावर सह्या करतील. काकूने त्याला फोनवरच थांबवलं: "मागणार नाहीत म्हणून द्यायचं नाही? माझ्या नणंदांनी त्या विहिरीचं पाणी ओढलंय." सह्यांसाठी दादा बेळगावपर्यंत जाऊन आला. वाटे ठरले.

दुसरी अडचण आगराची. ती शेतजमीन, 1948 च्या कूळकायद्याच्या 63 व्या कलमामुळे कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही. म्हणजे घेणारा कुठेतरी शेतकरी असायला हवा. अर्धे फोन या एका प्रश्नावर संपले.

एका फोनवाल्याने विचारलं, पोहण्याचा तलाव होईल का? काकूने तलावाला विहीर सुचवली. मी सीआरझेड समजावलं. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत नवं बांधकाम सहसा होत नाही. जे अधिकृत घर आहे त्याची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी तेवढ्याच जोत्यावर, तेवढ्याच क्षेत्रात करता येते. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं, की मग घेणाऱ्याच्या दृष्टीने या घरात सगळ्यात मोलाचं काय? झोपाळा नाही, खांब नाहीत, कौलं तर नाहीतच. जोतं. वरचं सगळं उतरवून त्याच जोत्यावर त्याला काचेचा बंगला चढवता येईल.

हे मी काकूला सांगितलं. मला वाटलं, आता तरी तिच्या पोटात कालवेल.

"चढवू दे की," ती म्हणाली. "फक्त विहिरीत राडारोडा टाकू नये. ते खरेदीखतात घालता येतं का विचार वकिलाला."

*

22 मेला ठाण्याचं एक जोडपं आलं. दोघं पस्तिशीचे, गाडी मोठी, बोलणं गोड. तो नाशिककडचा, घरी द्राक्षांची शेती, म्हणजे कागदाची अडचण नाही. त्यांना इथे पाहुण्यांसाठी राहायची सोय करायची होती. ठाण्याहून सकाळी निघून दुपारी पोचले. बाईंनी चप्पल काढता काढता पहिला प्रश्न विचारला तो दबक्या आवाजात, काकूला. काकूने कोठीकडे बोट दाखवलं.

परत आल्यावर बाई घरभर फिरल्या. वासे पाहून त्यांच्या तोंडून नीट शब्द फुटेना. मला त्या आवडल्या. त्या सगळ्याला हात लावून बघत होत्या: खांबाला, देवळीला, जात्याच्या खुंट्याला.

"ही फरशी काढली तर खाली जुनी जमीन असेल ना, आजी?"

"असेल."

"आम्हाला सगळं पूर्वीसारखं करायचंय. पाहुण्यांना तेच हवं असतं. हा गिलावा काढू. सिलिंग नाहीये ते बरंय. चूल चालू आहे?"

"चालू आहे."

"चुलीवरचं जेवण ठेवू आम्ही."

"फुंकायला कोण?"

"मिळेल ना हो गावातली एखादी बाई."

काकू काही बोलली नाही. मी माझ्या वहीकडे पाहिलं. बाईंचं एकेक वाक्य माझ्या कच्च्या मसुद्यात होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. पाहुण्यांना चूल हवी असते हे मीच लिहिलं होतं. ती गावातली बाई मात्र माझ्याही मसुद्यात नव्हती.

जाताना बाईंनी मान वाकडी करून कोठीकडे पाहिलं. "फक्त ते तेवढं घरात आहे ना... ते बाहेर नेता येईल मागे कुठे. मूळ रचनेत नव्हतंच ना ते?"

"नव्हतं," काकू म्हणाली. "निघायच्या आधी पुन्हा जाऊन या हवं तर. घाट संपेपर्यंत वाटेत बरं नाही मिळत."

त्या जाऊन आल्या.

ते लोक घेतील की नाही, ठाऊक नाही. नवऱ्याने जोत्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजलेली मी पाहिली.

*

त्या वर्षी पाऊस थांबायला तयार नव्हता. मे संपायच्या आतच मोसमी वारे कोकणात शिरले. 26 तारखेला तर मुंबईत पाऊस दाखल झाल्याचं जाहीर झालं. आमची शाकारणी अर्धवट. माणूस दोन दिवसांनी यायचा होता. रात्री साडेअकराला कौलांवर पहिली सर आली आणि काकू उठली, दिवा न लावता माजघराच्या आग्नेय कोपऱ्यात गेली आणि अंधारात टोप ठेवला. तिसऱ्या थेंबाला टप असा आवाज आला, बरोबर मधोमध.

"तू पाहिलंही नाहीस कुठे गळतंय."

"अगो, तिथेच गळतं. पाइप घातले तेव्हापासून. दोन माणसं येऊन गेली, सापडत नाही कुठून ते. लिहिलंस का?"

मी वही काढली. दोघी टोपाशेजारी बसलो. मेणबत्ती लावली, कारण लाइट गेली होती. तिने सांगितलं तसं लिहीत गेले, माझे फार तर दोन शब्द आत.

घर विकणे आहे, चालू स्थितीत. आत कमोड एक, मागच्या पडवीला साधा संडास एक, दोन्हींना बारमाही पाणी. विहीर गोडी. गॅसची शेगडी आणि चूल दोन्ही. चिऱ्याच्या भिंती, बाहेरून गिलावा, पापुद्रे सुटतात. छप्पर कौलारू, खाली लोखंडी पाइप. वाशांना काजूतेल, शेवटचा हात 2024. माजघरात फरशी, पावसात घामेजते, पायपुसणं ठेवणे. डावीकडच्या खोलीला मोठी खिडकी. माजघराच्या आग्नेय कोपऱ्यात गळतं, एक टोप पुरतो. आगर तीस पोफळी, अकरा माड. घेणारा शेतकरी हवा. सर्व हिस्सेदारांच्या सह्या तयार.

"वाच," ती म्हणाली. मी वाचलं.

"समुद्राचं नाही लिहिलंस?"

"तूच काढायला सांगितलंस."

"आठवणी काढायला सांगितल्या. गाज कशी काढशील? दार लावलं तरी येते. नव्या माणसाला चार-सहा महिने झोप नाही लागत. मला पहिल्या वर्षी वाटायचं, कुणीतरी सारखं दळतंय. ते आधी सांगायला हवं."

मी शेवटी लिहिलं: समुद्राची गाज, रात्रंदिवस.

टोप काठोकाठ आला होता. काकूने दुसरा खाली सरकवला, भरलेला उचलला आणि मागचं दार उघडायला मला खूण केली.